चित्राखालची ओळ

बोरगाव नावाची गावे मराठी मुलखात जागोजागी आहेत. त्यामुळे ‘आम्ही बोरगावचे’ असे म्हटले की ऐकणारा हमखास विचारतो, “कोणते बोरगाव?” मग आम्हांस सांगावे लागते, “सौंसरजवळचे. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे, कारखान्यांची वसाहत आहे ते. पूर्वी जिल्हा छिंदवाडा होता. २०२३ पासून पांढुर्णा.” एवढे सांगितले म्हणजे पुढचा माणूस मान डोलावतो आणि लगेच दुसरा प्रश्न करतो, “म्हणजे मध्य प्रदेशात? मग घरी मराठी कसे बोलता?” त्याचेही उत्तर आता तोंडपाठ आहे. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आहोत तिथेच राहिलो. आम्ही कुठे स्थलांतर केले नाही. सीमारेषा आमच्या दाराजवळून गेली, इतकेच.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, नुसत्या नावाने काही उलगडत नाही, त्यापुढे एक ओळ जोडावी लागते, हा धडा आम्ही गावाच्या नावावरून लहानपणीच शिकलो होतो. तरीही गेल्या दोन वर्षांत आमच्या मंडळाच्या संकेतस्थळावर जुनी छायाचित्रे चढविण्याचे काम अंगावर आले, तेव्हा तोच धडा आम्हांस नव्याने गिरवावा लागला. वाचकांपैकी अनेकजण इंदूर, जबलपूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी असेच काम हाती घेत असतील, किंवा घ्यावे असे मनात आणीत असतील. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून आमच्या चुका आणि त्यांतून सापडलेली वाट येथे मांडीत आहोत.

साठ चित्रांची फजिती

काम करण्याची बुद्धी झाली ती थोड्या चिडीतून. पांढुर्ण्याचे नाव घेऊन कोणी महाजालावर शोध घेतला की गोटमारीची चित्रे पुढे येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव या दोन बाजूंमध्ये होणारी ती दगडफेक, ती जखमी डोकी, ती गर्दी. गोटमार खरी आहे, ती आमचीच आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वर्षाचे उरलेले दिवसही आम्ही जगत असतो. संत्र्यांच्या बागा, भजनी मंडळे, मराठी शाळा, मंगळागौरी, अरुंद रुळांवरून धावणारी ती छोटी आगगाडी, या साऱ्यांची छायाचित्रे घराघरांतल्या पेट्यांत पडून आहेत. ती कोणी बाहेर काढली नाहीत, तर जगाने आमच्याविषयी गोटमार तेवढी जाणावी, यात जगाचा काय दोष?

तेव्हा संकेतस्थळ उभे केले. त्यासाठी वर्डप्रेस ही व्यवस्था घेतली. २००३ साली मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ती प्रथम प्रसिद्ध केली. ती विनामूल्य मिळते आणि मराठीतही चालते. अशा व्यवस्थेला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर ही संकेतस्थळाची कोठीची खोली. मजकूर वेगळ्या फडताळात, चित्रे वेगळ्या फडताळात, आणि पान मांडताना हवे ते काढून घ्यायचे. संगणकाची भाषा न जाणणाऱ्या गृहस्थालाही हे जमते. आम्हांस ते इतके जमले की एका रविवारी दुपारी मोबाइलने छायाचित्रांचे फोटो काढून साठ चित्रे जशीच्या तशी चढविली आणि चहा घेऊन मोकळे झालो.

संध्याकाळी तक्रारी सुरू झाल्या. पान उघडतच नाही, म्हणाले कोणी. उघडते, पण अर्धी चित्रे पांढरी दिसतात, म्हणाले दुसरे. कारण साधे होते. आजच्या मोबाइलने काढलेले एक चित्र चार हजार बिंदू रुंद व तीन हजार बिंदू उंच असते आणि त्याचे वजन सहज चार एमबी भरते. साठ चित्रे म्हणजे दोनशे चाळीस एमबी. खेड्यातल्या अर्ध्यामुर्ध्या नेटवर्कवर हे ओझे कोण ओढणार? त्याच चित्राची रुंदी बाराशे ते सोळाशे बिंदूंवर आणली आणि जेपेग या प्रकारात मध्यम दर्जाने साठविले, तर ते दोनशे केबीच्या आसपास बसते. साठांचे मिळून बारा एमबी. पडद्यावर पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही; पान मात्र वीसपट हलके होते.

वर्डप्रेस चढविलेल्या प्रत्येक चित्राच्या लहानमोठ्या प्रती स्वतःच तयार करते, आणि २०१९ पासून अडीच हजार बिंदूंहून मोठे चित्र आपणहून आटोपशीरही करते, हे खरे आहे. परंतु मूळ जड प्रत तिच्या कोठीत तशीच पडून राहते, भाड्याची जागा अडवते. शिवाय ते चढवितानाच आपला दिवस जातो. भाजी निवडून, धुऊन मगच स्वयंपाकघरात न्यावी, तसेच हे.

मूळ प्रतीला हात लावू नये

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला, आणि या वेळी घाई केली नाही. प्रथम ठरविले की, दोन प्रती करायच्या: एक जपून ठेवण्याची, दुसरी दाखविण्याची. जपण्याची प्रत स्कॅनरवर घ्यायची. चार बाय सहा इंचांचे छायाचित्र इंचाला सहाशे बिंदू या प्रमाणात घेतले की चोवीसशे बाय छत्तीसशे बिंदूंची प्रत मिळते. समूहाच्या छायाचित्रात एकेक चेहरा हरभऱ्याएवढा असतो. पुढे तो मोठा करून पाहावा लागला तर हीच प्रत कामास येते. ती टिफ या प्रकारात ठेवली तर सुमारे सव्वीस एमबी जागा खाते, पण त्यात काही गमावले जात नाही. जेपेग मात्र दर वेळी उघडून, फेरफार करून साठविले की थोडे थोडे झिजते. म्हणून कातरणे, सरळ करणे, उजेड वाढविणे हे सारे दाखविण्याच्या प्रतीवर करावे. जपण्याच्या प्रतीवर नव्हे.

चिकट पानांच्या जुन्या आल्बममधून छायाचित्र ओढून काढू नये. पानासकट स्कॅनरवर ठेवावे. काचेच्या चौकटीत चिकटलेले छायाचित्रही सोडवू नये. ते खिडकीजवळ, पण उन्हात नाही अशा जागी ठेवून, काचेवर प्रतिबिंब पडणार नाही अशा बेताने त्याचा फोटो घ्यावा. आणि छायाचित्राची मागची बाजूही न विसरता टिपावी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कधी एखादे आडनाव, असे पुष्कळ धन तिथे सापडते.

येथे एका मोहाविषयी सावध करणे आवश्यक वाटते. हल्ली जुनी, पुसट छायाचित्रे क्षणात ‘सुधारून’ देणारी साधने मोबाइलवर मिळतात. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने एका पणजीबाईंचे छायाचित्र अशा साधनातून काढले. चेहरा लखलखीत झाला, लुगड्याला रंग चढला, सगळ्यांनी वाहवा केली. तेवढ्यात त्या घरची सून म्हणाली, “पण आत्याबाईंच्या कपाळावरचं गोंदण कुठं गेलं?” यंत्राने ते डाग समजून पुसले होते. एवढेच नव्हे, तर डोळ्यांचा आकारही त्याने आपल्या कल्पनेने भरला होता. हे साधन झाकलेले उघडे करीत नाही. जे दिसत नाही ते अंदाजाने रचते. तेव्हापासून आम्ही नियम केला की, धूळ आणि चरे काढावेत, फिका पडलेला उजेड सावरावा, पण चेहऱ्याला यंत्राचा हात लागू देऊ नये. कोणी हौसेने रंगविलेली प्रत लावलीच, तर खाली तसे स्पष्ट लिहावे आणि शेजारी मूळ चित्र ठेवावे.

सतरा माणसांचे वऱ्हाड

आता चित्राच्या नावाविषयी. कॅमेरा चित्राला आकड्यांचे नाव देतो; ते बदलल्यावाचून चढवू नये. आम्ही गाव, प्रसंग आणि साल या क्रमाने नाव देतो: ‘सौंसर-स्थानक-वऱ्हाड-१९७८’. मात्र हे नाव रोमन अक्षरांत, मध्ये आडव्या रेघा देऊन लिहितो. देवनागरीचा अभिमान सोडला म्हणून नव्हे. पत्त्याच्या ओळीतून देवनागरी नाव उचलून कोणाला पाठविले, तर त्यातल्या एकेका अक्षरचिन्हाची नऊनऊ रोमन चिन्हे होतात, आणि पत्ता ओळखू येईनासा होतो. देवनागरीची खरी जागा चित्राखालच्या ओळीत आहे.

त्या ओळीचे मोल आम्हांस वर उल्लेखिलेल्या छायाचित्राने शिकविले. छायाचित्र एका घरच्या ट्रंकेत मिळाले. सौंसरच्या स्थानकावर अडीच फुटी रुळांची गाडी उभी आहे आणि तिच्यापुढे लग्नाचे वऱ्हाड बसले आहे. सतरा माणसे, तीन पेट्या, एक बाळकृष्णासारखा गुबगुबीत मुलगा पेटीमागून डोकावणारा. लग्नपत्रिका त्याच ट्रंकेत होती, म्हणून १९७८ हे साल निश्चित झाले. ती गाडी २०१५ साली बंद झाली आणि त्या मार्गावर रुंद रूळ आले. लोधीखेडा, सौंसर, रामाकोना या स्थानकांवरून नागपुरास त्या गाडीने गेलेली माणसे अजून आहेत. त्यांच्या दृष्टीने हे चित्र म्हणजे हरवलेला दागिना. परंतु बसलेली माणसे कोण, हे त्या घरच्या तरुण मंडळींपैकी एकालाही सांगता येईना.

शेवटी कळले की, त्या वऱ्हाडातल्या एक आजी अजून आहेत. आम्ही चित्राची मोठी प्रत काढून त्यांच्याकडे गेलो. आजींनी चष्मा पुसला, प्रत मांडीवर घेतली आणि बोटाने एकेक चेहरा दाखवू लागल्या. “हे तं माही नणंद व्हय. हे सावनेरचे मामा. आन् हा पेटीमांगचा पोट्टा, ह्यानं गाडीत बसून सारे लाडू खाल्ले होते.” अकरा नावे सांगून त्या थकल्या. “बाकीचे उद्या-परवा सांगतो, सवडीनं या,” म्हणाल्या. आम्हीही म्हटले, आता घाई काय आहे? पिकाचे दिवस आले, मग सण आले. दिवाळीनंतर जाऊ असे ठरले, आणि दिवाळीच्या आधीच आजी गेल्या.

सतरांपैकी सहा माणसे त्यांच्याबरोबर पुन्हा अनोळखी झाली. चित्र तेच, त्यातला एक बिंदूही कमी झाला नव्हता. आमची सव्वीस एमबींची निर्दोष प्रत सुरक्षित होती. हरवली ती फक्त त्या सहा जणांची नावे. आणि ती ठेवण्याची जागा आजींच्या आठवणीवाचून दुसरी नव्हती.

त्या चित्राखाली आम्ही अकरा नावे डावीकडून उजवीकडे, ओळीने लिहिली. उरलेल्यांच्या जागी ‘नाव मिळाले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले, आणि ‘कोणास ओळख पटल्यास कळवावे’ ही विनंती जोडली. चार महिन्यांनी जबलपूरच्या एका कुटुंबाचे पत्र आले. मागच्या रांगेतली, पदराने अर्धा चेहरा झाकलेली स्त्री ही आपली आई, असे त्यांनी कळविले. सोबत त्याच लग्नातले दुसरे छायाचित्र पाठविले. सहांची पाच झाली. ओळ मोकळी ठेवली नसती, किंवा अंदाजाने भरून टाकली असती, तर ते पत्र कधी आले नसते.

न दिसणाऱ्या वाचकासाठी

वर्डप्रेसमध्ये चित्र चढविले की शेजारी चार रकाने दिसतात: पर्यायी मजकूर, शीर्षक, चित्रओळ आणि वर्णन. आरंभी आम्ही चारही कोरे सोडीत असू. चित्रओळ म्हणजे वाचकाला चित्राखाली दिसणारी ओळ. तिचे मोल वर सांगितलेच. पण पर्यायी मजकूर कशाला, हे आम्हांस एका निवृत्त गुरुजींनी सांगितले. गुरुजींची दृष्टी गेली आहे. त्यांच्या नातवाने संगणकावर एनव्हीडीए हे साधन बसवून दिले आहे. ते विनामूल्य मिळते आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविते. आम्ही कौतुकाने विचारले, “गुरुजी, संकेतस्थळ पाहिलेत ना?” गुरुजी शांतपणे म्हणाले, “पाहिले. साठ चित्रांच्या जागी मला साठ आकडे ऐकू आले.”

आम्ही खजील झालो. पर्यायी मजकूर नसला की असे यंत्र बहुधा धारिकेचे नाव वाचते, आणि आमची नावे कॅमेऱ्याने दिलेली होती. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी जागतिक पातळीवर १९९९ साली जे नियम प्रसिद्ध झाले, त्यांतला पहिलाच नियम चित्राला शब्दांचा पर्याय द्यावा असा आहे. आपल्याकडे केंद्र शासनाने २००९ साली सरकारी संकेतस्थळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही हे आहे. म्हणजे आमचे अज्ञान नव्हते, तर आळस होता.

चित्रओळ आणि पर्यायी मजकूर यांत गल्लत होऊ नये. चित्रओळ सांगते की हे कोण, कुठले, केव्हाचे. पर्यायी मजकूर सांगतो की चित्रात दिसते काय. वऱ्हाडाच्या चित्राला आम्ही असा मजकूर दिला: ‘अरुंद रुळांवरच्या आगगाडीपुढे फलाटावर दोन रांगांत बसलेली सतरा माणसे, पुढे तीन लोखंडी पेट्या, एका पेटीमागून डोकावणारा लहान मुलगा.’ ‘चे छायाचित्र’ असे शब्द त्यात घालीत नाही. चित्र आहे हे यंत्र आधीच सांगते. नुसती वेलबुट्टी असेल तर रकाना मुद्दाम रिकामा ठेवतो, म्हणजे ऐकणाऱ्याचा वेळ जात नाही. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंदही व्यवस्थेत करतो. ती नसली तर वाचणारे यंत्र आपले मराठी हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या चालीने म्हणू शकते.

आणखी एक खाचखळगा. चित्र एकदा पानावर बसविले आणि नंतर कोठीत जाऊन त्याचा पर्यायी मजकूर किंवा चित्रओळ सुधारली, तर ती सुधारणा आधी बसविलेल्या चित्रास आपोआप लागत नाही. पान उघडून तिथेही दुरुस्त करावी लागते. म्हणून रकाने आधी भरावेत, चित्र मागाहून बसवावे.

सगळे पुरे झाल्यावर गुरुजींनी पुन्हा ऐकले. वऱ्हाडापाशी थांबून म्हणाले, “ही गाडी मी पुन्हा एकदा पाहिली.”

कोणाचे चित्र, कोणाची परवानगी

जुने छायाचित्र घरात आहे म्हणून ते जगाला दाखविण्याचा अधिकारही आपलाच, असे गृहीत धरू नये. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे असतो. एरवी तो सामान्यतः छायाचित्रकाराकडे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षेपर्यंत हा हक्क टिकतो. महाजालावर सापडले ते उचलून आपल्या पानावर लावणे, हे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

कायद्याहून मोठी गोष्ट संकोचाची आहे. आम्ही देणाऱ्या घराची संमती घेतो आणि छायाचित्राचे श्रेय त्या घरास, स्टुडिओचा शिक्का असल्यास त्यासही देतो. हयात व्यक्तीला विचारल्याशिवाय तिचे चित्र लावीत नाही. लहान मुलांच्या नावानिशी चित्रे लावीतच नाही. मोबाइलच्या चित्रात ते कुठे काढले याची खूण पुष्कळदा दडलेली असते. ती चढविण्यापूर्वी काढून टाकतो. आणि कोणी ‘आमचे चित्र काढून घ्या’ म्हटले, तर कारण न विचारता काढतो.

शेवटी, संकेतस्थळ म्हणजे तिजोरी नव्हे. ऑर्कुटवर कित्येक मराठी घरांनी लग्नाकार्यांची चित्रे हौसेने ठेवली होती. २०१४ साली ते दालन बंद झाले. वार्षिक शुल्क भरायचे राहिले तर आमचेही होईल. यास्तव जपण्याच्या प्रती आम्ही दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवतो, आणि चित्रओळींची एक वही हाताने लिहून मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. कागदावर शाईने लिहिलेली ती वही बहुधा सर्वांत जास्त टिकेल.

वाचकांस एकच विनंती. स्कॅनर मिळायचा तेव्हा मिळेल, संकेतस्थळ व्हायचे तेव्हा होईल. आज घरातल्या सर्वांत वयोवृद्ध माणसापाशी जुना आल्बम घेऊन बसावे आणि ते सांगतील ती नावे लिहून घ्यावीत. सगळी एकाच बैठकीत पुरी करावीत. त्या थकल्या तर चहा करून द्यावा, घटकाभर थांबावे, पण ‘उद्या येतो’ म्हणून उठू नये. आमच्या वऱ्हाडातली पाच माणसे अजून नावावाचून फलाटावर बसली आहेत.